बंद खोलीचे दार: बोलून उपचार करणे कुणाला शिकवता येते?

१/ २०१३ नंतरची दोन वर्षे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे काही समुपदेशक दर आठवड्याला एकत्र जमत. एक ध्वनिमुद्रण लावले जाई. त्यांच्यापैकीच एकाची एका रुग्णाशी झालेली भेट त्यात असे. बाकीचे हातात गुणपत्रिका घेऊन ऐकत. भेटीचा क्रम ठरवला होता का, रुग्णाचे पुरते ऐकून घेतले का, मागच्या आठवड्याचा गृहपाठ विचारला का, अशा एकेका बाबीला गुण द्यायचे. मग चर्चा. ज्याची भेट ऐकली जात असे, तोही त्याच वर्तुळात बसलेला असे.

२/ यांच्यापैकी कुणीही डॉक्टर नव्हते. मानसशास्त्राचे व्यावसायिक शिक्षणही कुणी घेतलेले नव्हते. आणि ज्यांच्यावर ते उपचार करत होते त्यांचे नैराश्य किरकोळ नव्हते, मध्यम ते तीव्र होते.

३/ शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नात अशा माणसावर खटला भरला गेला असता. ही अतिशयोक्ती नव्हे. थिओडोर राइक हे फ्रॉइडचे शिष्य तत्त्वज्ञान-मानसशास्त्राचे पदवीधर होते, वैद्य नव्हते. त्यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप झाला. १९२६ साली फ्रॉइडने त्यांच्या बचावासाठी एक छोटे पुस्तकच लिहिले. मनोविश्लेषण करण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही, त्यासाठीचे वेगळे शिक्षण लागते, असा त्याचा मथितार्थ.

४/ गंमत अशी की फ्रॉइडचे हे म्हणणे सर्वांत कडवेपणाने नाकारले ते त्याला डोक्यावर घेणाऱ्या अमेरिकेने. १९३८ साली अमेरिकन मनोविश्लेषण संघटनेने प्रशिक्षण केवळ डॉक्टरांपुरते मर्यादित केले. हे दार उघडायला मानसशास्त्रज्ञांना १९८५ मध्ये न्यायालयात जावे लागले आणि १९८८ मध्ये तडजोड झाली. पन्नास वर्षे!

५/ पदवीची अट हा झाला एक अडसर. दुसरा अडसर अधिक खोल होता. उपचाराच्या खोलीत नेमके काय घडते हे बाहेर कुणालाच ठाऊक नसे. शिकाऊ विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यायचे, तेही वर्षानुवर्षे. मग रुग्ण पाहायचे आणि त्यांची हकीकत आपल्या आठवणीतून गुरूला सांगायची. गुरू जे तपासत असे ते शिष्याचे काम नव्हते, शिष्याने सांगितलेली आपल्या कामाची गोष्ट होती. आपल्याकडच्या घराणेदार गायकीत निदान शिष्याचा आवाज तरी गुरूच्या कानावर पडतो.

६/ हे दार पहिल्यांदा किलकिले केले कार्ल रॉजर्स यांनी. १९४० च्या सुमारास, ओहायो राज्य विद्यापीठात. काही मिनिटांतच भरणाऱ्या तबकड्या, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवायची. या खटाटोपातून त्यांनी समुपदेशनाच्या भेटी मुद्रित केल्या आणि १९४२ च्या ग्रंथात एका रुग्णाच्या सर्व भेटींचा शब्दशः वृत्तांत छापला. वाचकाला प्रथमच कळले की उपचारक काय बोलतो आणि कुठे चुकतो.

७/ आता फिलाडेल्फिया. ॲरन बेक (जन्म १९२१) हे रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातील धाकटे अपत्य, येल विद्यापीठाचे डॉक्टर आणि रीतसर प्रशिक्षित मनोविश्लेषक. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला राग, हा त्या काळचा सिद्धान्त. तो प्रयोगाने सिद्ध करावा म्हणून त्यांनी नैराश्यग्रस्तांच्या स्वप्नांचा अभ्यास हाती घेतला. स्वप्नांत राग सापडायला हवा होता. सापडले ते नुकसान, अपयश आणि नाकारले जाणे. जागेपणी हेच रुग्ण स्वतःविषयी जे बोलत, तेच.

८/ त्याच सुमाराची एक भेट बेक पुढे अनेकदा सांगत. एक स्त्री आपल्या लैंगिक अनुभवांविषयी सविस्तर बोलत होती आणि अस्वस्थ होती. बेक यांनी शास्त्राप्रमाणे अर्थ लावला: या इच्छांची तिला लाज वाटते, म्हणून अस्वस्थता. तिने मान्यही केले. पण पुढे बोलता बोलता खरे कारण बाहेर आले. आपले बोलणे डॉक्टरांना कंटाळवाणे वाटत असेल, हा विचार तिच्या मनात सतत चालू होता. तो इतका सवयीचा की आजवर तिने तो उच्चारलाच नव्हता.

९/ पुढे ‘आपोआप येणारे विचार’ म्हणून प्रसिद्ध झालेली कल्पना ती हीच. शिकवण्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, हा विचार शोधायला बालपणाचे उत्खनन लागत नाही. ‘आत्ता मनात काय आले?’ असे योग्य क्षणी विचारावे लागते. योग्य क्षण ओळखणे अवघड आहे खरे, पण सरावाने येते.

१०/ मनोविश्लेषकांच्या संघटनेने बेक यांचा सदस्यत्वाचा अर्ज फेटाळला. बेक यांनीच सांगितलेले कारण वाचण्यासारखे आहे. शास्त्रीय प्रयोग करण्याची त्यांची इच्छा, हेच त्यांचे स्वतःचे विश्लेषण अपुरे राहिल्याचे लक्षण मानले गेले.

११/ त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी वेगळ्या वाटेने तेच दार ढकलले होते. १९५५ पासून ते विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडत होते. त्यांच्या शुक्रवारच्या कार्यशाळा गाजल्या. भरल्या सभागृहात, प्रेक्षकांसमोर, स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसाशी प्रत्यक्ष संवाद. उपचाराची खोली त्यांनी जवळजवळ रंगमंचावर आणली. मराठी वाचकाला बेकपेक्षा एलिस अधिक ओळखीचे आहेत, याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून त्यांनी ही पद्धत मराठीत रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ने ती आणखी घराघरांत नेली.

१२/ पण प्रशिक्षणाच्या इतिहासात निर्णायक ठरले बेक यांचे शिस्तीचे वेड. १९७७ साली रश, बेक, कोव्हॅक्स आणि हॉलन यांनी ४१ रुग्णांवर चाचणी घेतली. एका गटाला इमिप्रमिन हे प्रचलित औषध, दुसऱ्याला बोधात्मक उपचार. बोलण्याचा उपचार औषधाला उतरला तर नाहीच, उलट सरस ठरला. ४१ हा आकडा आज अगदी लहान वाटतो. त्या काळी तो खळबळजनक होता.

१३/ अशी चाचणी घ्यायची तर सर्व उपचारकांनी एकच गोष्ट करायला हवी. गोळीची मात्रा मोजता येते, संभाषणाची कशी मोजणार? या अडचणीतून आधी एक हस्तपुस्तिका तयार झाली. तिचाच विस्तार म्हणजे १९७९ चा नैराश्यावरील बोधात्मक उपचारांचा ग्रंथ. भेटीची सुरुवात कशी करावी, कार्यक्रम कसा आखावा, गृहपाठ कसा द्यावा, हे सारे त्यात लिहिलेले होते.

१४/ पाठोपाठ १९८० मध्ये आली गुणपत्रिका. जेफ्री यंग आणि बेक यांची ती मोजपट्टी अशी: ११ बाबी, प्रत्येकी ० ते ६ गुण, एकूण ६६. सामान्यतः ४० गुण मिळाले की उपचारक सक्षम. कार्यक्रम आखणे, रुग्णाचा अभिप्राय घेणे, समजून घेणे, वेळेचे भान, प्रश्नांतून रुग्णालाच शोध घेऊ देणे, गृहपाठ इत्यादी. शिकाऊ उपचारकाने आपल्या भेटीची ध्वनिफीत द्यायची, परीक्षकाने ती ऐकून गुण द्यायचे. गुरूच्या कानावर अखेर शिष्याचा आवाज पडू लागला.

१५/ या पद्धतीची पहिली कठोर कसोटी सरकारी पैशाने झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने तीन केंद्रांवर २५० रुग्णांची चाचणी घेतली, निष्कर्ष १९८९ मध्ये आले. सौम्य रुग्णांत फारसा फरक नव्हता. तीव्र नैराश्यात मात्र औषध पुढे गेले आणि बोधात्मक उपचार मागे पडले. लगेच वाद पेटला: उपचार कमी पडला की उपचारक? केंद्राकेंद्रांत फरक दिसत होता. प्रशिक्षण पुरेसे होते का, असा प्रश्न बेक यांच्या बाजूने विचारला गेला. हरलेल्या पक्षाचा हा युक्तिवाद सोयीचा होता हे खरे. पण त्यातून एक उपयोगी शोध लागला.

१६/ त्याच चाचणीच्या ध्वनिफितींवरून पुढे (१९९९) दिसले की, उपचारकाच्या कौशल्यातील ज्या भागाचा रुग्णाच्या सुधारणेशी सर्वांत जास्त संबंध होता, तो भाग म्हणजे भेटीला आकार देणे. कार्यक्रम ठरवणे, गृहपाठ देणे, गृहपाठ तपासणे. चमकदार अंतर्दृष्टीला फारसे काम नव्हते. संबंध माफकच होता, पण शिकवणाऱ्यांना दिशा मिळाली, कारण भेटीला आकार देणे ही गोष्ट शिकवता येते.

१७/ मग किती शिकवावे? येल विद्यापीठातील कॅथलीन कॅरोल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली याचा थेट प्रयोग प्रसिद्ध केला. व्यसनमुक्ती क्षेत्रातील ७८ कर्मचारी. काहींना फक्त हस्तपुस्तिका दिली. काहींना हस्तपुस्तिका आणि संकेतस्थळ. उरलेल्यांना हस्तपुस्तिका, तीन दिवसांचा वर्ग आणि त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णांच्या कामावर देखरेख. मग सर्वांची तंत्रे अभिनित प्रसंगांत तपासली. पुस्तिका वाचणारे सर्वांत मागे, देखरेख लाभलेले सर्वांत पुढे. तीन दिवसांची कार्यशाळा करून प्रमाणपत्रे वाटण्याचा धंदा जगभर चालतो. तो करणाऱ्यांनी हा निबंध वाचलेला दिसत नाही.

१८/ दरम्यान सिॲटलमध्ये नील जेकबसन यांनी बोधात्मक उपचाराचे सुटे भाग करून पाहिले होते. १९९६ ची ती चाचणी सुमारे १५० रुग्णांवर झाली. एका गटाला पूर्ण उपचार, दुसऱ्याला विचारतपासणी वगळून फक्त वर्तनाचा भाग: दिवसाचे वेळापत्रक आखणे, टाळलेली कामे लहान तुकड्यांत पुन्हा सुरू करणे, काय केल्यावर मन कसे होते याची नोंद. निष्कर्ष? दोन्ही गट सारखेच सुधारले. बेकच्या अनुयायांना हा निष्कर्ष पचवणे जड गेले. पण विचारांची चिरफाड शिकवण्यापेक्षा वेळापत्रक शिकवणे पुष्कळ सोपे. गोव्याची वाट इथून निघते.

१९/ त्याआधी लंडन. २००३ च्या सुमारास ब्रिटिश अकादमीच्या एका समारंभात चहाच्या वेळी दोन माणसांची गाठ पडली. एक अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड, दुसरे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क. लेयर्ड यांचा हिशेब सरळ होता. नैराश्य आणि चिंतेमुळे काम सुटलेल्यांना सरकार भत्ता देते. सुमारे ७५० पौंडांच्या उपचाराने माणूस कामावर परतला तर खर्च आपोआप वसूल होतो. हा मुद्दा त्यांच्या २००६ च्या अहवालात आला. त्याच वर्षी डॉनकास्टर आणि न्यूहॅम येथे प्रायोगिक केंद्रे उघडली आणि २००८ पासून योजना इंग्लंडभर पसरू लागली.

२०/ अडचण पैशाची नव्हती, माणसांची होती. तीन वर्षांत ३,६०० नवे उपचारक घडवायचे होते. त्यासाठी दोन पायऱ्या केल्या. वरच्या पायरीला एक वर्षाचा अभ्यासक्रम: आठवड्यातून दोन दिवस विद्यापीठ, तीन दिवस प्रत्यक्ष सेवा. खालच्या पायरीवर एक नवाच व्यवसाय जन्मला. बरेचसे तरुण पदवीधर वर्षभरात ४५ दिवसांचे शिक्षण घेऊन स्वयंसाहाय्य पुस्तिकांच्या आधारे, पुष्कळदा दूरध्वनीवरून, सौम्य रुग्णांना मदत करू लागले. प्रत्येक भेटीला रुग्णाची प्रश्नावली भरून घेणे सक्तीचे केले. टीकाही झाली: हा कारखाना आहे, आकड्यांसाठी धावपळ आहे. टीका करणाऱ्यांत स्वतः उपचारकही होते.

२१/ ज्या २००८ मध्ये इंग्लंडने इतका पैसा ओतला, त्याच वर्षी रावळपिंडीच्या ग्रामीण भागातून एक वेगळा निष्कर्ष आला. पाकिस्तानात गावोगावी फिरणाऱ्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ असतात, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या, शालेय शिक्षण झालेल्या. आतिफ रेहमान यांच्या चमूने त्यांना बोधात्मक पद्धत शिकवली. दोन दिवसांची कार्यशाळा, चार महिन्यांनी एक दिवसाची उजळणी आणि दर महिन्याला अर्धा दिवस देखरेख.

२२/ नैराश्य असलेल्या ९०३ गर्भवती स्त्रिया या चाचणीत होत्या. ‘तुम्हाला मानसिक आजार आहे’ असे कुणी म्हणत नसे. बोलणे बाळाच्या तब्येतीपासून सुरू होई, त्यामुळे सासूही बसून ऐके. कागदी नोंदींऐवजी चित्रे वापरली. घातक विचार ओळखणे, त्याजागी हितकर विचार ठेवणे, तो आचरणात आणणे, एवढ्या तीन पायऱ्या आणि बाळंतपणाच्या आधीपासून नंतर दहा महिन्यांपर्यंत १६ भेटी. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा उपचार मिळालेल्या मातांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य होते, इतरांमध्ये ५३ टक्क्यांना. बाळांच्या वाढीत मात्र अपेक्षित ठळक फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ही पुस्तिका स्वीकारली.

२३/ आणि गोवा. विक्रम पटेल यांनी नव्वदच्या दशकात झिंबाब्वेत काम केले होते. तिथे शोना भाषेत लोक ‘फार विचार करणे’ हीच व्यथा सांगत. गोव्यात लोक ‘टेन्शन’ म्हणत. १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘संगाथ’ ही संस्था उभी केली. भारतात आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजारांचे प्रशिक्षण देण्याची परंपरा सत्तरच्या दशकापासून होती. रायपूर राणी, पुढे बेळ्ळारी ही तिची प्रसिद्ध ठिकाणे. पण त्या प्रशिक्षणाचा भर रोग ओळखणे आणि औषध चालू ठेवणे यांवर होता. संवाद हाच उपचार, ही जबाबदारी तिथे मुख्यतः तज्ज्ञांकडेच राहिली.

२४/ ‘संगाथ’चा पहिला मोठा प्रयोग (२०१०) २४ दवाखान्यांत झाला. सरकारी केंद्रांत स्पष्ट लाभ दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. दुसऱ्या प्रयोगासाठी त्यांनी जेकबसन यांची वाट निवडली. त्या परंपरेत तयार झालेल्या सोना डिमिजियन हस्तपुस्तिकेच्या लेखनात सहभागी होत्या. समुपदेशकांसाठी अटी साध्या: वय १८ हून अधिक, किमान शालान्त शिक्षण, स्थानिक भाषा उत्तम याव्यात. गोव्यात म्हणजे कोंकणी आली, मराठी आली, हिंदीही आली.

२५/ वर्ग तीन आठवड्यांचा. व्याख्याने कमी, अभिनित प्रसंग जास्त. मग सहा महिन्यांची उमेदवारी, खऱ्या रुग्णांबरोबर आणि देखरेखीखाली. प्रारंभी तज्ज्ञ ध्वनिफिती ऐकत आणि गुण देत. हळूहळू ते काम समुपदेशकांनीच आपसांत घ्यायचे ठरले, कारण तज्ज्ञच दुर्मीळ असतील तर देखरेखीसाठी तरी ते आणायचे कुठून? समवयस्कांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी कितपत जुळतात, हे वेगळे तपासले गेले. बऱ्यापैकी जुळले. पहिल्या परिच्छेदातील ते वर्तुळ असे तयार झाले.

२६/ चाचणीत ४९५ रुग्ण, १० प्राथमिक आरोग्य केंद्रे, प्रत्येकी ६ ते ८ भेटी. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यमुक्त झाले, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. वर्षभरानंतरही लाभ टिकून होता. तीव्रता मोजायला वापरलेल्या प्रश्नावलीचे मूळ १९६१ मधले, कर्ते ॲरन बेक.

२७/ २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर नेमका हाच प्रश्न विचारला गेला. कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला वर्तनाचा उपचार आणि अनुभवी उपचारकांनी दिलेला पूर्ण बोधात्मक उपचार यांत रुग्णाच्या दृष्टीने उणे-अधिक आढळले नाही. खर्च मात्र पहिल्याचा कमी.

२८/ या निष्कर्षांनी ज्यांना आनंद झाला त्यांत आरोग्य खात्यांचे हिशेबनीस नक्कीच असणार, आणि धोका तिथेच आहे. तीन आठवड्यांचा वर्ग अंदाजपत्रकात सहज बसतो. उमेदवारीचे सहा महिने आणि दर आठवड्याची ती बैठक पहिल्यांदा कापली जाते. वास्तविक गोव्याच्या समुपदेशकांना घडवण्यात त्या बैठकीचा वाटा वर्गापेक्षा कमी नव्हता.

२९/ राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. म्हणून पुढचे पाऊल मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात पडले. तिथे गोव्याचीच पुस्तिका आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचे प्रयोग झाले, काहींना वर्गात, काहींना स्मार्टफोनवर. लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग्यांच्या गोळ्या, सर्वेक्षणे, ही सारी कामे मानधनावर करणाऱ्या या स्त्रियांच्या यादीत आता आणखी एक काम आले आहे. त्या कामासाठी त्यांना काय मोबदला द्यावा आणि त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकायला दर आठवड्याला कोण बसणार, याची तरतूद अजून व्हायची आहे.